स्टेशनवाल्याचा द्रोण

मामी, काल सर्वपित्री झाली. तुझं पान मांडायचं नाही, असं भटजींनी आधीच बजावलं होतं. वर्ष व्हायचं आहे म्हणे. म्हणजे गेलेल्यांच्या पंगतीत तुला अजून जागा नाही, आणि आमच्या पंगतीतून तर तू श्रावणातच उठून गेलीस. मग सध्या ती आहे तरी कुठे, असं मी त्यांना विचारणार होते. पण त्यांना पुढच्या घरी जायचं होतं.

बाकीची पानं मात्र मी मांडली. माझ्या फ्लॅटच्या बाल्कनीत, वाळत घातलेले कपडे काढून, फरशी पुसून, पळसाच्या पत्रावळी आणि प्रत्येकीशेजारी एक द्रोण, तू मांडायचीस तशीच. पहिली कढी फाटली. दुसरी जमली, पण तुझ्यासारखी नाही. श्राद्धाचं आधी चाखायचं नसतं, आणि तुला नुसत्या वासावरून मीठ कळायचं. मला ते शेवटपर्यंत आलं नाही. आपलं ते जुनं भांडण काल पुन्हा माझ्यासमोर येऊन बसलं आणि या खेपेला भांडायला तू नव्हतीस. म्हणून हे लिहिते आहे.

मी नोकरीसाठी अमरावतीहून रायपूरला आले तेव्हा मामाला जाऊन बरीच वर्षं झाली होती. तात्यापारा मोहल्ल्यात खाली भांड्यांचं दुकान आणि वर दोन खोल्यांत तू एकटी. भाड्याची खोली मिळेपर्यंत राहते म्हणून आले आणि लग्न होईपर्यंत हलले नाही. फोनवर आईला तू सांगायचीस, पोट्टी जाऊनच नाही राहिली बाप्पा. आणि मी खोली बघून आले की तूच म्हणायचीस, तिकडे पाण्याचा लय त्रास आहे. रायपुरातल्या प्रत्येक मोहल्ल्यात तुझ्या मते पाण्याचा त्रास होता. मी ते कधी तपासलं नाही, कारण मलाही जायचं नव्हतं.

पहिल्याच रविवारी मी तुझं कपाट उघडलं. वरच्या खणात लोणच्याच्या बरण्या, खालच्या खणात रशियन गोष्टींची मराठी पुस्तकं, जाड कागदाची, घट्ट बांधणीची. एक उघडलं तर ते मधूनच सुरू होत होतं. दुसरं उघडलं, तेही तसंच. जवळजवळ सगळ्यांच्या सुरुवातीची पानं गेलेली. उंदरांनी खाल्ली का, असं विचारलं तर तू हसलीस. "उंदीर इतकं सरळ कापते का? तुह्या मामाचं ब्लेड आहे ते."

मामा भनपुरीतल्या एका लोखंडाच्या कारखान्यात होता आणि तिथल्या युनियनचा सेक्रेटरी. पुस्तकांचं प्रदर्शन लागलं की तो रशियन पुस्तकं घेऊन यायचा, स्वस्त मिळायची म्हणून आणि आपल्या विचारांची म्हणून. पण वाचायचा फक्त प्रस्तावना. लेखक कुठल्या गरीब घरात जन्मला, कष्टकऱ्यांच्या बाजूने कसा उभा राहिला, त्याला कोणतं पदक मिळालं, एवढं त्याला भाषणाला पुरायचं. दाढीच्या ब्लेडने तो ती पानं कापायचा, घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवायचा आणि सायकल काढायचा. गोष्टी त्याच्या मते बायकांच्या कामाच्या. अशा रीतीने प्रस्तावना भनपुरीला गेल्या आणि गोष्टी तुझ्या स्वयंपाकघरात राहिल्या. एका घरात एकाच पुस्तकाचे दोन वाचक, आणि दोघांनी वाचलेलं एकही पान सारखं नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी यायची तेव्हा मामा मला स्टुलावर बसवून भाषण म्हणून दाखवायचा. मी टाळ्या वाजवल्या की त्याच खिशातून लिमलेटची गोळी काढून द्यायचा. गोळीला कागद चिकटलेला असायचा आणि तो मी दातांनी सोलायची. मामा मला फार आवडायचा. पुढे त्याच्याबद्दल लिहायचं आहे, म्हणून हे आधी सांगून ठेवते.

प्रस्तावनाच नसल्यामुळे या लेखकांतला कोण थोर आणि कोण साधा, हे तुला कोणी सांगितलंच नाही. नावं जिभेला जड जायची, म्हणून तू त्यांना आपली नावं ठेवलीस. एक जमीनदार, जो माणूस दारात आणायच्या आधी पानंच्या पानं झाडांचं वर्णन करायचा. एक रडका. आणि तुझे खास दोघं, स्टेशनवाला आणि मधवाला. खरी नावं मला माहीत आहेत. पण तू ती कधी घेतली नाहीस, तर मी इथे कशाला घेऊ.

स्टेशनवाल्याची किटलीची गोष्ट तू मला गवार मोडता मोडता सांगितलीस, मी वाचायच्या आधीच. बर्फातलं आडबाजूचं स्टेशन. लढाईचे दिवस. एक म्हातारी येणाऱ्या प्रत्येक गाडीला उकळतं पाणी घेऊन उभी राहते. एक शिपाई पाण्यासकट तिची किटली नेतो, परत येताना देतो म्हणतो. मग ती पातेल्यात पाणी तापवून उभी राहायला लागते, कारण तो आला आणि पाणी थंड असलं तर काय. लढाई संपते. शेवटी एका गाडीच्या खिडकीतून भलत्याच शिपायाचा हात येतो, पोचे पडलेली किटली तिच्या हातात देतो आणि गाडी सुटते. म्हातारी काही विचारत नाही. किटली भरते आणि चुलीवर ठेवते. एवढं सांगून तू गवार धुवायला नळावर गेलीस आणि नळ बराच वेळ चालू राहिला. तुझं एकुलतं बाळ राहिलं नव्हतं, हे आईने मला आधी सांगितलं होतं. म्हणून मी तुझ्या मागे आले नाही.

मधवाल्याची गोष्ट लहानशी. गावात मूल जन्मलं की मधमाश्या पाळणारा एक माणूस चमचाभर मध घेऊन त्या घरी जातो, तशी रीत असते. एकाने वैरापायी त्याच्या मधमाश्यांच्या पेट्या जाळलेल्या असतात. त्याच माणसाला नातू होतो. मधमाश्या पाळणारा मध घेऊन जातो, पण दाराबाहेरच थांबतो आणि बायकोला आत पाठवतो. आत मूल मध चाटतं, बाहेर हा टोपी हातात धरून उभा. गोष्ट तिथेच थांबते. मला ती अपुरी वाटली. तू म्हणालीस, पुरी आहे.

मग ती दुपार आली. तू तांदूळ निवडत होतीस आणि मी मोबाइल घेऊन लोळत होते. त्या स्टेशनवाल्याला पोरंबाळं होती का ते पाहा, म्हणालीस. मी नाव टाकलं. सगळं इंग्रजीत होतं, मी वाचून मराठीत सांगत गेले. मोठा माणूस निघाला. पदकं, राजधानीत प्रशस्त घर, जन्मगावी पुतळा. सख्ख्या भावाचं कौतुक चालल्यासारखी तू मान डोलवत होतीस. मग पुढे आलं की लेखकांच्या मंडळात तो मोठ्या पदावर होता, आणि एका लेखकाला देशाचा शत्रू ठरवून बाहेर काढलं त्या कागदावर पहिली सही त्याची होती. तो बाहेर काढलेला लेखक म्हणजे तुझा मधवाला. एकेकाळचे जिवाभावाचे दोस्त दोघं. मधवाल्याला पुढे पकडून नेलं. तो कुठे मेला ते नक्की नाही, कधी मेला याच्या दोन ठिकाणी दोन तारखा, आणि कबर कुठेच नाही. पुष्कळ वर्षांनी सरकारने आपली चूक मान्य केली आणि त्याच्या गोष्टी पुन्हा छापल्या.

ते पुस्तक आपण कपाटातून काढलं. सगळ्या खणात एकट्या त्याचीच प्रस्तावना शाबूत होती. अर्ध्या पानाची, आणि त्यात लेखकाचं अकाली निधन झालं एवढंच. भाषणाच्या कामाची नव्हती, म्हणून मामाने तिला ब्लेड लावलं नव्हतं.

तू तांदळाचं ताट मांडीवरून खाली ठेवलंस आणि सहीचं तेवढं पुन्हा वाचायला सांगितलंस. मी वाचलं. "त्याले माहीत होतं का," तू विचारलंस, "का मधवाला तसा नाही म्हणून?" दोस्त होते म्हटल्यावर माहीत असणारच, असं मी म्हटलं. तू ताट पुन्हा मांडीवर घेतलंस. संध्याकाळी भातात खडे लागले. तुझ्या हातच्या भातात खडा लागलेला मला दुसरा आठवत नाही. आवडता लेखक मनातून उतरला म्हणून तू खिन्न आहेस, असं मी समजले.

माझ्यापुरता प्रश्न मिटला होता. ज्याने सही केली त्याची म्हातारी मला नको होती आणि तिची किटलीही नको होती. लग्न होऊन मी वेगळी झाले तरी रविवारी तुझ्याकडे यायची. तुझी नजर अधू झाल्यावर मी वाचून दाखवायला लागले. तू किटलीची गोष्ट मागायचीस आणि मी मुद्दाम जमीनदाराची झाडं काढायची. तू मुकाट्याने झाडं ऐकून घ्यायचीस आणि ती संपली की किटलीची गोष्ट स्वतःच तोंडपाठ म्हणायचीस. एकदा मी चिडून विचारलं की त्या माणसाचं तुला अजून ऐकवतं तरी कसं.

"म्हातारीनं तर सही नाही केली ना," तू म्हणालीस.

"म्हातारी त्यानंच लिहिली, मामी."

"हव. म्हणजे चांगलं काय असते ते त्याले समजे. मंग तर जास्तच वाईट."

आणि गोष्ट जिथे सोडली होती तिथून, खिडकीतून हात येतो तिथून, पुढे म्हणायला लागलीस. तू त्याची बाजू घेतेस असं मी धरून चालले होते. प्रत्यक्षात तू त्याला माझ्यापेक्षा जास्त दोषी धरत होतीस आणि तरी त्याची गोष्ट सोडत नव्हतीस. मला हे दोन्ही एकदम जमत नव्हतं. अजूनही नीटसं जमत नाही.

ज्यांची तिथी माहीत नाही त्यांचं पान सर्वपित्रीला मांडतात. ती सही वाचली त्या वर्षी तू सासूसासऱ्यांच्या आणि मामाच्या पानाशेजारी एक पान जास्तीचं मांडलंस. कोणाचं म्हणून विचारलं तर मधवाल्याचं. त्याची तिथी सापडत नाही, असं मीच सांगितलं होतं ना. मी हसले. ते लोक वडे खात नाहीत, त्यांच्यात पितर जेवायला येत नाहीत, असं बरंच शहाणपण सांगितलं. तू वडा वाढता वाढता म्हणालीस की परमुलखात उपाशी मेलेला माणूस असल्या चौकशा करत नसतो. खरं सांगायचं तर मला ते पान आवडलं होतं. कोण कुठला माणूस, त्याच्या देशाने त्याला दोन हात जमीन दिली नाही, आणि तात्यापाऱ्यात एक बाई त्याच्यासाठी खीर आटवते आहे. तुझी भाची असल्याचा मला त्या दिवशी गर्व वाटला.

पण पुढच्या वर्षी आणखी एक पान दिसलं. ते स्टेशनवाल्याचं आहे कळल्यावर मी भडकले. त्याला तिथी होती, थडगं होतं, पुतळा होता. त्याला तुझ्या पत्रावळीची काय गरज? तू ऐकून घेतलंस आणि भात, वडे, खीर, गवारीची भाजी, सगळं त्या पानावर वाढलंस. शेजारी द्रोणही ठेवलास. फक्त त्यात कढी घातली नाहीस.

मग माझं लक्ष मामाच्या पानाकडे गेलं. त्याचाही द्रोण रिकामा होता. दरवर्षीच असायचा, मी आधी नीट पाहिला नव्हता इतकंच. मामाला पित्ताचा त्रास असेल, कढी सोसत नसेल, अशी मी आपली समजूत करून घेतली. स्टेशनवाल्याचं मात्र विचारलं. "ते कढी आपण नाही वाढायची," तू म्हणालीस. "ज्याचं नुकसान झालं त्यानं वाढायची." हे कुठलं शास्त्र, मी म्हटलं. मधवाल्याचं, तू म्हणालीस. त्याच्या गोष्टीतला तो नाही का दाराबाहेर उभा राहिला, त्याला कोणी आत ढकललं का? मला वाटलं, तू वादात हरत आलीस की काहीतरी गोष्टीतलं काढतेस, तसंच हे.

पानं वाढून झाली की तू मोठ्या स्टीलच्या डब्यात स्वयंपाक भरायचीस आणि मी तुला स्कूटीवर गुढियारीला न्यायची. तिथल्या एका गल्लीच्या तोंडाशी तू मला थांबवायचीस. कोणाकडे जातेस म्हटलं तर, आहे एक ओळखीची. लांबून मला एवढंच दिसायचं की दार उघडलं, एका उंच बाईने डबा आत नेला, तू उंबऱ्याबाहेर उभी राहिलीस, डबा परत आला, दार लागलं. परतताना डबा माझ्या पाठीला लागायचा आणि रिकामा वाजायचा. आपल्याकडे कोणी डबा रिकामा परत करत नाही, चिमूटभर साखर तरी घालतात. मी त्या बाईला मनातल्या मनात नावं ठेवायची.

दवाखान्यात शेवटी शेवटी तुझं बोलणं कमी झालं होतं. माझ्या लेकीला तेवढी जवळ बसवून घ्यायचीस. तू मराठीत विचारायचीस, ती हिंदीत उत्तर द्यायची आणि दोघींचं काही अडत नव्हतं. एका संध्याकाळी ती खाली गेलेली पाहून तू मला विचारलंस, यंदा पानं तू मांडशील का. मांडीन म्हटलं. मधवाल्याचं? मांडीन. "अन त्याचं?" तू विचारलंस. मी उशी सारखी केली. पाण्याचा ग्लास उगाच सरकवला. तू माझ्याकडे बघत राहिलीस आणि मग डोळे मिटलेस. हो म्हटलं असतं तर ते खोटं झालं असतं, आणि माझं खोटं तुला लगेच कळायचं. तरी मामी, तेवढं एक हो तुला द्यायचं राहून गेलं. तुला चितेवर ठेवलं तेव्हाही ते माझ्याकडेच होतं.

तेराव्याला नागपूरहून तुझा पुतण्या आला होता, त्याने सगळं रीतसर केलं. जेवणं उरकल्यावर ती उंच बाई आली. आता वाकली आहे. बोरकर काकू, असं नाव सांगितलं. जेवायला बसा म्हटलं तर नको म्हणाल्या. तुझ्या फोटोसमोर बसल्या. शेजारी मामाचा फोटो होता, त्याच्याकडे पाठ होईल इतक्या सरकून बसल्या. मी त्यांना आतल्या खोलीत नेलं, चहा दिला, आणि मग त्यांनी सांगितलं.

बोरकर काका आणि मामा एका कारखान्यात, एका युनियनमध्ये, रोज एका सायकलवर डबलसीट. संपाच्या दिवसांत आतली बातमी मालकाला कळली आणि कोणाला तरी फितूर ठरवणं भाग पडलं. बोरकर भर दुपारी मालकाच्या बंगल्यावर दिसला, असं कोणीतरी उठवलं. त्यांना युनियनमधून काढलं. त्या कागदावर सेक्रेटरी म्हणून पहिली सही मामाची. मग कारखान्यानेही काढलं. काकांनी पुढे गुढियारीला मालधक्क्यावर हमाली केली आणि छातीच्या दुखण्यात गेले. काकूंनी हे सगळं न रडता सांगितलं, जणू दुसऱ्या कोणाचं सांगताहेत. चहा संपवला, कप खाली ठेवला आणि मग म्हणाल्या, "त्या दुपारी हे तुह्या मामाच्याच घरी जेवाले होते. घरी येऊन मले म्हणे, वहिनीसारखी कढी तुले काहून येत नाही?"

म्हणजे ती कढी तू वाढली होतीस. तो माणूस तुझ्यासमोर पाटावर बसून जेवत होता, त्याच वेळी तो बंगल्यावर होता असं ठरलं. मामाला खरं माहीत होतं. तुलाही माहीत होतं.

डबा द्यायला मामी यायची तेव्हा यावर तुमचं काही बोलणं झालं का, असं मी विचारलं. नाही, काकू म्हणाल्या. तिनं काढलं नाही आणि म्याही काढलं नाही. आत ये म्हटलं नाही. डबाही मुद्दाम रिकामाच परत दिला. मग त्या म्हणाल्या, "कढी मात्र खावो आम्ही. चांगली करे."

त्या गेल्यावर मला तुझा भयंकर राग आला. तुझ्या फोटोचा हार मी काढून ठेवला आणि मग लाज वाटून परत घातला. तू का बोलली नाहीस? भनपुरीच्या फाटकासमोर उभं राहून सांगायचं होतंस की तो माझ्या स्वयंपाकघरात होता. मग हळूहळू तेव्हाची तू दिसायला लागलीस. बाळ गेलेलं, माहेर लांब, आणि घरात एकच माणूस, ज्याने सही केलेली. एवढं दिसूनही राग सगळा गेला नाही, मामी. जाईल असं वाटत नाही. तो तसाच राहू दे.

पण त्या दुपारी सहीचं पुन्हा वाचायला का सांगितलंस, ते आता कळलं. इतकी वर्षं आपण एका रशियन माणसावर भांडतो आहोत, असं मी समजत होते आणि तू मला मामाबद्दल विचारत होतीस. सरळ विचारलं असतंस तर मी काय म्हटलं असतं? बहुतेक मामाच्या बाजूने बोलले असते. युनियनच्या दबावाचं, तेव्हाच्या काळाचं काहीतरी सांगितलं असतं. मामाने मला लिमलेटच्या गोळ्या दिल्या होत्या. स्टेशनवाल्याने काही दिलं नव्हतं, म्हणून त्याला दोषी धरणं मला सोपं होतं. तू हे ओळखलं असणार. म्हणूनच तू मला त्याचाच निकाल मागत राहिलीस आणि माझा निकाल ऐकून गप्प बसत राहिलीस.

तुझी पुस्तकं मी घरी आणली आहेत. पुतण्या रद्दीत देणार होता. अजून त्यांना लोणच्याचा वास येतो. किटलीची गोष्ट काढून लेकीला वाचून दाखवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी ती मोठ्याने वाचली, आणि तुला पाठ असलेलं एक वाक्य पुस्तकात नाहीच हे तेव्हा कळलं. पाणी थंड असलं तर काय, हे तू घातलेलं होतंस. लेकीने विचारलं, "वो पहला वाला सिपाही मर गया था क्या?" म्हातारीने विचारलं नाही ना, मी म्हटलं आणि पुढे मला वाचता येईना. ती उठून माझ्यासाठी पाणी घेऊन आली.

तर काल. बोरकर काकूंना मी फोन करून बोलावलं होतं, येतील असं मात्र धरलं नव्हतं. आल्या. उंबऱ्याशी थांबल्या. आत या, मी म्हटलं. त्यांनी चपला काढल्या आणि आत आल्या.

आजी-आजोबांचं, मामाचं, मधवाल्याचं, या वर्षी बोरकर काकांचंही, आणि शेवटी स्टेशनवाल्याचं, अशी पानं मांडलेली होती. हो, त्याचंही मांडलं. तुला द्यायचं राहिलेलं ते हो काल दिलं. भात, वडे, भाजी, खीर वाढून झालं होतं आणि मी कढीचं पातेलं बाहेर आणलं, तर काकूंनी माझ्या हातातून पळी घेतली. बायका एकमेकींच्या घरी घेतात तशी, न विचारता. आजी-आजोबांच्या द्रोणात वाढली. काकांच्या पानाशी जरा जास्त वेळ वाकून राहिल्या आणि त्यांचा द्रोण काठोकाठ भरला. मधवाल्याला वाढली. मग मामाच्या द्रोणाकडे पळी नेली, तेव्हा मला सांगणं भाग पडलं.

"काकू, हे मामाचं आहे. याला मामी कढी वाढत नसे."

"काहून?"

"ज्याचं नुकसान झालं त्यानं वाढायची म्हणायची."

काकू तशाच उभ्या राहिल्या. भरल्या पळीतून एक थेंब फरशीवर पडला. त्या पानाकडे बघत होत्या, आणि मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते. आतून लेक ओरडली, "मम्मी, सब ठंडा हो रहा है." काकूंनी पळीतली अर्धी कढी परत पातेल्यात ओतली. मग एक हात गुडघ्यावर टेकून कशाबशा खाली वाकल्या आणि उरलेली मामाच्या द्रोणात घातली.

अर्धीच, मामी. पण घातली.

त्या पुढच्या, शेवटच्या पानाशी गेल्या आणि हे कोणाचं, म्हणून विचारलं. मी जमेल तेवढं सांगितलं. एक रशियन लेखक. मामाच्या पुस्तकांतला. चांगल्या गोष्टी लिहायचा. त्यानेही आपल्या दोस्ताविरुद्ध सही केली. दोस्त म्हणजे हा, शेजारच्या पानावरचा. काकूंनी दोन्ही पानं पाहिली.

"याच्या घरचं कोणी आहे?" मधवाल्याच्या पानाकडे बोट करून त्यांनी विचारलं.

"नाही. कोणी उरलं नाही."

"मंग कोण वाढन?" काकू म्हणाल्या, आणि पळी त्यांनी पातेल्यात ठेवली.